बेक्कूचा सिनेमा

मला सिनेमातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. कॅमेरा कुठं ठेवला, उजेड कुठून आला, हे माझ्या लेकीला कळतं. मला एवढंच कळतं की बघताना हातातलं काम थांबलं की नाही. निवडायला घेतलेली तूर ताटात तशीच राहिली, तर सिनेमा चांगला. ताट संपलं आणि दुसरं घेतलं, तर बरा. निवडता निवडता डुलकी लागली, तर मग विचारूच नका.

आमच्या करजगीत सिनेमा म्हणजे हातातला मोबाइल नाहीतर घरातला टीव्ही. मोठ्या पडद्यावर बघायचा तर सोलापूर गाठायचं, नाहीतर कलबुर्गी. घरात भाषा तीन. देवघरात आणि स्वयंपाकघरात मराठी, अंगणात आणि बाजारात कन्नड, आणि आता नातीमुळं तिसरी, कार्टूनची हिंदी. माझी नात सात वर्षांची. शाळा कन्नड, घर मराठी, पण रागावली की "तुम मेरे साथ ऐसा नहीं कर सकते" असं म्हणते. ही वाक्यं तिला कुणी शिकवली नाहीत, डोरेमॉननं शिकवली. सासूबाईंना आम्ही सगळे आव्वा म्हणतो. वय चौऱ्याऐंशी. त्या नातीच्या हिंदीला उत्तर कन्नडमधून देतात, आणि दोघींचं भांडण नीट मिटतं.

नातीच्या कृपेनं मी सगळी कार्टूनं बघितलीत. छोटा भीम लाडू खातो आणि सगळ्यांना बुकलून काढतो. मोटूचं डोकं समोसा खाल्ल्याशिवाय चालत नाही. शिनचॅन आईला उलटून बोलतो, आणि ते बघून आमचीही बोलते. पण खरं सांगू का, शिनचॅनची आई मला आवडते. दिवसभर घर आवरून, ओरडून, थकून शेवटी सोफ्यावर आडवी होणारी अशी बाई आपल्या कुठल्याच मालिकेत दिसत नाही. तिथं बाया भरजरी साड्या नेसून भांडी घासतात. टॉम आणि जेरीला मी हसते, हे मात्र कबूल. मांजराच्या डोक्यात तवा बसला की हसू येतं. आव्वा एकदा म्हणाल्या, "त्याला लागत नाही काय गं?" तेव्हापासून हसताना जरा अडखळायला होतं.

गेल्या पर्युषणात आमच्या पाठशाळेत एक गंमत झाली. ताईंनी लहान मुलांना विचारलं, बाहुबली कोण? एका पोरानं हात वर केला आणि म्हणाला, प्रभास. आम्ही बाया तोंडाला पदर लावून हसलो, पण मनात खट्टू झालो. 2015 साली आणि मग 2017 साली आलेल्या त्या दोन सिनेमांत रणगर्जना केवढी, रक्त केवढं! आणि आमचा श्रवणबेळगोळचा बाहुबली तर युद्ध टाळणारा. भरत आणि बाहुबली, दोघांची सैन्यं समोरासमोर उभी होती. प्रजेचे जीव कशाला घालवायचे म्हणून सैन्य बाजूला ठेवलं, आणि दोघा भावांनीच दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध केलं. तिन्ही बाहुबलीनं जिंकली, आणि जिंकल्यावर सगळं सोडून चालता झाला. यावर कुणी ॲनिमेशन का काढत नाही? एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे असलेले दोघे भाऊ, पापणी कुणाची आधी लवते ते बघायला दोन्हीकडची फौज श्वास रोखून थांबलेली. पोरं बघतीलच की.

'महावतार नरसिंह' हा ॲनिमेशनपट 2025 च्या जुलैत आला आणि गावोगाव गाजला. नातीच्या वर्गातली निम्मी पोरं बघून आली, म्हणून आम्हीही गेलो. प्रल्हादाचं पोरपण फार गोड काढलंय. बापाचा एवढा दरारा, पण पोर आपलं म्हणणं सोडत नाही, हे बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटची मारामारी सुरू झाली तशी नात माझ्या पदरात शिरली. "संपलं की सांग," म्हणाली. बराच वेळ सांगता आलं नाही. कथा ज्यांच्या श्रद्धेची आहे त्यांना तो शेवट हवाच असणार, त्याबद्दल मी बोलणारी कोण? पण सात वर्षांच्या पोरीला पदरात घेऊन बसलेली आजी म्हणून मला वाटलं, एवढं लांबवायला नको होतं.

'बाईपण भारी देवा' आला तो 2023 साली. तेव्हा आमच्या महिला मंडळानं जीप ठरवली होती. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून दुपारचा खेळ धरला, डबे घेऊन गेलो. सहा बहिणींची गोष्ट. थिएटरात बाया उठून नाचत होत्या. मंगळागौर आमच्याकडं नसते, पण फुगड्या कुणाला येत नाहीत? परतीच्या वाटेवर जीपमध्ये चौदाजणींनी आपापल्या जावा-नणंदांची गाऱ्हाणी काढली. फार बरं वाटलं त्या दिवशी. घरी आल्यावर मला जाणवलं, चौदाच्या चौदाजणी सोसणाऱ्या होत्या. सोसायला लावणारी जीपमध्ये एकही नव्हती.

ही बोच 'स्थळ' बघताना पुरती लागली. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा सिनेमा. विदर्भातलं गाव, कापूस पिकवणारा बाप, शिकणारी मुलगी सविता, आणि तिला बघायला येणारी माणसं. कामं करणारी बहुतेक गावातलीच माणसं आहेत, म्हणून ते काम वाटतच नाही. सुरुवातीला सविताला स्वप्न पडतं, त्यात मुलगा पाटावर बसलाय आणि बाया त्याला प्रश्न विचारतायत. मी खळखळून हसले. मग खरं बघणं सुरू झालं. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड काय. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, तेच प्रश्न, तोच पाट, तीच मान खाली. माझ्या हातातली तूर थांबली. कारण माझ्या पुतण्यासाठी मी स्वतः सात मुली बघितल्यात. अक्कलकोटला, दुधनीला, कुठं कुठं. एका मुलीला मी म्हटलं होतं, "जरा आतून पाणी आण बघू." तहान लागली नव्हती. चाल बघायची होती. माझी चालही अशीच बघितली होती, आणि ते मी घरी येऊन आईला रडत सांगितलं होतं. हे कुठं विसरले होते मी?

पण लिहायला बसले ते या सगळ्यासाठी नाही. मला बेक्कूच्या सिनेमाबद्दल सांगायचंय. बेक्कू म्हणजे कन्नडमध्ये मांजर. सिनेमाचं खरं नाव 'फ्लो', पण आमच्या घरी त्याला बेक्कूचा सिनेमाच म्हणतात.

लेक दिवाळीला पुण्याहून आली होती. सकाळी मंदिरात निर्वाण लाडू चढवून झाला, जेवणं झाली, दुपार मोकळी होती. तिनं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हणाली, "आई, आज सगळ्यांनी मिळून बघायचा. आव्वालासुद्धा." आव्वा सिनेमा बघत नाहीत. त्या म्हणाल्या, "मला हिंदी-बिंदी कळत नाही, तुमचं चालू द्या." लेक म्हणाली, "आव्वा, यात कुणी बोलतच नाही."

आणि खरोखरच बोलत नाही. लॅटव्हिया म्हणून युरोपात एक छोटा देश आहे, तिथल्या गिंट्स झिल्बालोडिस नावाच्या तरुण दिग्दर्शकानं हा काढलाय. ब्लेंडर नावाच्या, कुणालाही फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर केलाय, असं लेकीनं सांगितलं. 2025 च्या मार्चमध्ये त्याला ऑस्कर मिळालं, आणि त्या देशाचं ते पहिलंच ऑस्कर. दीड तासाच्या आत संपतो. माणूस एकही नाही. माणसांची घरं आहेत, होड्या आहेत, देवळांसारखे मोठमोठे खांब आहेत, पण माणसं कुठं गेली कळत नाही. एक काळपट मांजर आहे आणि पाणी वाढतंय. एवढंच. मांजर मांजरासारखं ओरडतं, कुत्रं कुत्र्यासारखं. कॅपिबारा म्हणून डुकराएवढा, उंदराच्या जातीचा एक सुस्त प्राणी आहे. त्याला मात्र उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय म्हणे.

पाणी चढायला लागलं तशी आव्वांनी पाय खाटेवर घेतले. आमच्याकडं पाणी म्हणजे नुसतं चित्र नाही. शेत आमचं भीमेच्या अंगाला. गेल्या सप्टेंबरातच वरून उजनीचं पाणी सुटलं, सीनेचं आलं, आणि उभी तूर पाण्याखाली गेली. दिवाळी आली तरी बांधाकडचा चिखल वाळला नव्हता. पडद्यावर ते मांजर आधी खिडकीत, मग छपरावर, मग त्याहून वर, असं चढत गेलं, आणि वर जायला जागा संपली. घरात कुणीच बोलेना.

मग होडी येते. होडीत कॅपिबारा. मांजर त्याला भितं, पण पाण्याला जास्त भितं, म्हणून चढतं. पुढं एक लेमूर येतो. शेपटीला कडी असतात ते. त्याला वस्तू साठवायचा भारी नाद, आरसा काय, काचेचा गोळा काय. नात म्हणाली, "हा आज्जीसारखा आहे, डबे साठवतो." मग एक कुत्रा, आणि एक मोठा लांब पायांचा पांढरा पक्षी. एकमेकांना खाणारी, एकमेकांना न आवडणारी ही मंडळी एका होडीत. मला आमच्या मंदिरातलं चित्र आठवलं. समवसरणाचं. वाघ आणि गाय एकाच भांड्यात पाणी पितात ते. लहानपणी ते बघून मी विचारायची, वाघ नंतर काय खात असेल? उत्तर कुणी देत नसे.

इथं तो प्रश्न नातीनं विचारला. मांजर पाण्यात बुडी मारून मासे धरतं, होडीत आणून टाकतं, सगळ्यांना वाटतं. नात माझ्याकडं वळली. "आज्जी, बेक्कूला पाप लागतंय का?"

पाठशाळेत तिनं तीर्थंकरांची लांछनं पाठ केलीत. बैल, हत्ती, घोडा, माकड, हरीण, कासव, साप, सिंह. तिच्या लेखी हे सगळे प्राणी ओळखीचे, जवळजवळ घरचे. मी तिला सिंहाची गोष्ट सांगितली. महावीर स्वामींचा जीव एका भवात सिंह होता. शिकार करून खात होता, आणि दोन चारण मुनींचा उपदेश ऐकून त्यानं खाणं सोडलं. मन असलेल्या पशूलाही व्रत घेता येतं असं आपलं शास्त्र म्हणतं. नात म्हणाली, "पण बेक्कूला कुणी मुनी भेटलेच नाहीत." लेक हसली. मी गप्प बसले. बरोबरच बोलली ती. आव्वा म्हणाल्या, "त्यानं वाटून खाल्लं की. बघ तू पुढं."

शेवटाकडं पाणी ओसरतं. होडी उंच झाडात अडकून राहते, खाली खोल दरी, आणि तो सुस्त कॅपिबारा होडीतच. बाकीचे बाहेर. मग सगळे मिळून दोर ओढतात. कुत्र्यांची एक टोळीच आलेली असते, ती दोर तोंडात धरते. आता निघणार, एवढ्यात एक ससा पळतो. कुत्रीच ती. दोर सोडून सशामागं धावत सुटतात. एकच कुत्रा दोर धरून राहतो. पाय घसरतायत, पण सोडत नाही.

आव्वांच्या तोंडून आवाज आला. मला वाटलं, ठसका लागला. बघते तर त्या रडत होत्या. हात पुढं करून, बोटं वळवून, काहीतरी सोडवल्यासारखं करत होत्या.

सिनेमा संपेपर्यंत आम्ही कुणी काही विचारलं नाही. मग आव्वांनीच सांगितलं.

2020 च्या ऑक्टोबरात भीमेला मोठा पूर आला होता. तेव्हा आमच्या शेतवस्तीवर सालगडी होता, बायको-पोरांसह. रात्री पाणी आलं. त्यानं अंधारात गोठ्यातली सगळी जनावरं सोडली, पोरांना खांद्यावर घेतलं आणि वर माळावर नेलं. जनावरं सगळी वाचली. एक वासरू गेलं. पाणी उतरल्यावर आम्ही शेतात गेलो तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, "एवढी जनावरं सोडलीस, आणि एक वासरू सोडता आलं नाही तुला?" तो मान खाली घालून उभा राहिला. त्याची बायको काहीतरी बोलायला गेली, तर त्यानं तिला हातानं थांबवलं. पाडव्याला साल संपलं, तसा हिशेब करून गेला. थांब म्हणायला आम्हीही गेलो नाही.

आव्वा म्हणाल्या, "वासरू गोठ्यात नव्हतंच. मी बांधलं होतं मागं, लिंबाला."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या शेतात होत्या. वासरू सारखं गाईला लुचत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पाहुणे येणार होते, चहाला दूध पाहिजे होतं. म्हणून आव्वांनी वासरू सोडवून गोठ्यामागं लांब नेलं आणि लिंबाच्या बुडख्याला बांधलं. ओढून सोडवून घेऊ नये म्हणून निरगाठ मारली. गड्याला सांगायचं राहून गेलं. रात्री पाणी आलं तेव्हा त्याला गोठ्यातलं दावं रिकामं दिसलं. वासरू सुटून पळालं असंच त्याला वाटलं असणार.

"त्यालाच सापडलं ते, दाव्यासकट," आव्वा म्हणाल्या. "गाठ बघून त्याला कळलंच की कुणाची. माझ्या हातची गाठ तो वीस वर्षं बघत होता. तू त्याला बोललीस तेव्हा मी तिथंच होते. मी बोलले नाही, तोही बोलला नाही."

त्या चातुर्मासापासून आव्वांनी दूध सोडलंय. चहा कोरा, ताक नाही, तूप नाही. आम्ही समजत होतो, वय झालं, रसत्याग करतायत. मी तर मंडळात अभिमानानं सांगायची, आमच्या आव्वांचा नेम बघा, या वयात! ज्या बायांना मी हे सांगितलं, त्यांच्यातल्या काही जणी हे वाचतील.

मला आव्वांचा राग आला का? आला. पाच वर्षं का लपवलं, असं वाटलं. पण जास्त टोचलं ते माझंच. आव्वा बोलल्या नाहीत, पण बोलले ते मीच. त्या माणसानं अंधारात, गळ्याइतक्या पाण्यात आमची जनावरं वाचवली होती, आणि मला दिसलं ते एक वासरू. दरवर्षी दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीला मी मोबाइल घेऊन बसते. उत्तम क्षमा, उत्तम क्षमा असं शंभर-सव्वाशे जणांना पाठवते. पुण्यातल्या मावसबहिणीच्या नणंदेलासुद्धा पाठवते, जिचं मी कधी काही बिघडवलेलं नाही. त्या यादीत सालगड्याचा नंबर पाच वर्षांत एकदाही आला नाही. खरं म्हणजे त्याचा नंबर माझ्याकडं नव्हताच. 'हां' म्हटलं की काम करणारा माणूस, त्याचा नंबर माझ्याकडं कशाला असेल?

तुम्ही म्हणाल, मांजराच्या सिनेमावरून ही कुठं पोचली. मीही तेच म्हणते. लेकीचं म्हणणं, बोलणं नसल्यामुळं आव्वा बघू शकल्या. ते खरंय. पण मला वाटतं, त्यात माणूस नाही हेही कारण असेल. माणूस असता तर आपण लगेच एकाची बाजू घेतली असती, जीपमधल्या चौदाजणींसारखी. दोर धरणारं कुत्रं आणि दोर सोडून पळणारं कुत्रं, यांत आपण कोण, हे तिथं कुणी सांगत नाही.

सिनेमात मला एक खटकलं, तेही सांगते. पांढऱ्या पक्ष्याचं शेवटी काय होतं ते मला नीट कळलं नाही. आकाशात उजेड होतो आणि तो वर वर जातो. लेक म्हणाली, ज्याला जसं वाटेल तसं घ्यायचं. मला असलं चालत नाही, गोष्ट सांगणाऱ्यानं सांगावं. आव्वांना मात्र काही अडलं नाही. "गेला की तो. मोकळा झाला," म्हणाल्या, आणि पुढं बघायला लागल्या.

नंबर शेवटी ह्यांनी शोधला, गड्याच्या मेहुण्याकडून. तो आता इंडीकडं एका मळ्यात आहे. मी फोन हातात घेतला, तर आव्वा म्हणाल्या, "फोन नको. मला घेऊन चल." चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला त्या रस्त्यानं न्यायचं म्हणजे जीपवाला आधी पाठीचे मणके मोजायला सांगेल. ह्यांनी नको म्हणून पाहिलं. आव्वांनी ऐकलं नाही.

येत्या रविवारी जायचं ठरलंय. नात पण येणार म्हणते. कालपासून ती खाटेच्या पायाला सुतळी बांधत बसलीय. आव्वा तिला सुरगाठ शिकवतायत, एक टोक ओढलं की सुटणारी. समोर टीव्हीवर छोटा भीम लाडू खात होता, आणि त्याच्याकडं दोघींपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.